दूरच्या वाचकाला आपलं शिवार
(झरी, जि. परभणी येथील ग्रामीण साहित्य संमेलनातील स्वागताध्यक्षीय भाषण)



झरी गावाच्या वतीनं मी आपल्या सर्वांचं मनापासून स्वागत करतो. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव आपल्यापैकी अनेकांनी एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं आहे. आज आपण खाली उतरलात, मांडवात बसलात, याचा आम्हाला फार आनंद आहे. हा मांडव गावातल्या तरुणांनी उभा केला आहे. भाकरी गावातल्या बायांनी थापल्या आहेत. वर्गणी द्यायला ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी ज्वारी दिली, तूर दिली, चुलीसाठी तुराट्या दिल्या. त्यांची नावं मी वाचणार नाही, कारण एखादं राहिलं तर मला वर्षभर रुखरुख लागेल.

यंदा आपण चर्चेला विषय घेतला आहे तो दूरदेशीच्या वाचकाला आपला मुलूख कसा सांगावा, हा. झरीसारख्या गावात हा विषय कशाला, असं काहींनी बैठकीत विचारलं. प्रश्न रास्त होता. मी त्यांना एवढंच म्हणालो, की ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण उठताबसता म्हणतो. जगाशेजारी आपलं नाव लावायला आपण कधी लाजलो नाही. मग त्या जगाला आपण स्वतःविषयी काय सांगितलं, याचाही कधीतरी हिशेब व्हायला पाहिजे.

बाहेरच्या जगाला मराठवाडा कशामुळं माहीत आहे? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा ती बातमी देशोदेशी गेली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या जातात. त्या खोट्या नाहीत. या मांडवात बसलेल्या कितीतरी घरांनी ते भोगलेलं आहे आणि ते झाकून ठेवावं असं मी कधीही म्हणणार नाही. पण ज्याला एवढंच वाचायला मिळतं, त्याच्या डोळ्यांपुढं आपली कोरडी विहीर येते, विहिरीवरचा माणूस येत नाही. तो माणूस कशावर जीव टाकतो, त्याच्या जिभेला काय गोड लागतं, संध्याकाळी तो कुठं जाऊन बसतो, हे बातमीत मावत नाही. ते सांगण्याचं काम साहित्याचं आहे, आणि ते आपल्यालाच करावं लागणार आहे.

माझी भाची जर्मनीत शिकते. आपल्या भागातली बरीच मुलं-मुली आता तिकडं शिकायला जातात. तिच्या वसतिगृहातल्या मुलामुलींनी एकदा आपापल्या गावातल्या आवडत्या गोष्टी एकमेकांना सांगायच्या ठरवल्या. तिनं मला फोन केला, “मामा, मी काय सांगू? आपल्याकडं बघायसारखं आहे तरी काय?” मी म्हणालो, “बाई, बघायसारखं काय आहे ते सरकारी पुस्तिकेत मिळंल. तुला डोळे मिटल्यावर जे दिसतं ते सांग.” तिनं शेतातल्या ज्वारीचा फोटो दाखवला. युरोपातल्या पोरांना ते मक्याचं रान वाटलं. पण सुदानची एक मुलगी होती, ती एकदम उठून फोटोजवळ आली. तिच्या घरी याच धान्याची पातळ, कागदासारखी भाकरी करतात. तिकडं तिला किसरा म्हणतात. त्या दोघी मग पीठ आंबवायचं की नाही, तवा किती तापवायचा, यावर रात्री उशिरापर्यंत बोलत बसल्या.

हे ऐकल्यापासून ‘परदेशी वाचक’ म्हटलं की माझ्यापुढं फक्त लंडन-न्यूयॉर्कचा माणूस येत नाही. ज्वारी मुळात आफ्रिकेतली. तिथून हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडं आली. करडई पश्चिम आशियातली, सोयाबीन चीनचं. आपण ज्याला अस्सल गावरान म्हणतो, त्यातलं कितीतरी लांबचा प्रवास करून आपल्या काळ्या रानात रुजलेलं आहे. म्हणजे दूरदेशी कुणीतरी असा वाचक बसलेला आहे, ज्याला आपलं शिवार वाचून स्वतःच्या घराची आठवण येईल. त्याच्यासाठी लिहिताना सगळं सोपं करून, ताटात वाढून देण्याची गरज नाही. नेमकं लिहिलं की त्याला कळतं.

नेमकं म्हणजे कसं? अरुण कोलटकरांचं उदाहरण माझ्या मनात पक्कं बसलं आहे. जन्म कोल्हापूरचा, आयुष्य मुंबईत गेलं. मुंबईवर त्यांनी इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं, ‘काळा घोडा पोएम्स’. ते 2004 साली आलं. त्यात गेटवे नाही, समुद्रकाठचे दिवे नाहीत. एका उपाहारगृहातून समोरचा एक चौक त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला आणि तेवढाच लिहिला. रस्त्यावरचं कुत्रं, झाडू मारणाऱ्या बाया, इडली विकणारी बाई आणि तिच्याभोवती न्याहारीला जमणारी फुटपाथवरची माणसं. त्याआधी 1976 साली त्यांची ‘जेजुरी’ इंग्रजीत आली होती. तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. पुढं न्यूयॉर्कच्या प्रकाशकानंही ती काढली. तिच्यात देवळांइतकीच जागा एका निखळलेल्या दाराला आहे, पाण्याच्या पाइपाला आहे, रेल्वे स्टेशनाला आहे. खंडोबा कोण हे ज्यांना ठाऊक नव्हतं, अशा वाचकांनी ते पुस्तक उचलून धरलं. कारण कवीनं पाहिलेलं त्यांना दिसलं. आपल्याला काही अख्खा मराठवाडा सांगायचा नाही. एक चौक, एक बांध, एक पार पुरे.

आता स्वागताध्यक्ष म्हणून बोलायची संधी मिळालीच आहे, तर माझ्या आवडीच्या दोन-चार जागा मी आपल्यापुढं ठेवतो. आपल्या याद्या वेगळ्या असतील. असल्याच पाहिजेत.

माझ्या यादीत पहिली वालूरची बारव. सेलू तालुक्यात वालूर आहे. गुजरातमधली पाटणची राणी की वाव 2014 साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिला पाहायला जगभरातून लोक येतात आणि यावंच. पण आमच्या वालूरच्या बारवेच्या पायऱ्या सरळ खाली उतरत नाहीत. त्या भिंतीच्या कडेनं गोल फिरत फिरत पाण्याकडं जातात. उतरताना एक हात दगडी भिंतीला लागलेला असतो, दुसऱ्या हाताला पाण्याची पोकळी. दर पावलाला समोरची भिंत थोडी सरकते आणि वर पाहिलं की आभाळाचा तुकडा फिरल्यासारखा वाटतो. उन्हाळ्यात वरच्या पायरीवर चटके बसतात आणि अर्ध्या वाटेत गारवा सुरू होतो. असा आकार फार थोड्या ठिकाणी सापडतो. ज्यांनी ती बांधली त्यांना पाणी तर काढायचंच होतं, पण पाण्यापर्यंत जायची वाटसुद्धा सुंदर असावी असं त्यांना वाटलं होतं. ही बारव गाळानं आणि कचऱ्यानं भरून गेली होती. वालूरकरांनी स्वतः खाली उतरून, गाळ उपसून ती मोकळी केली. मला बारवेइतकेच ते लोक आवडतात. दुष्काळी मुलूख म्हणून जे लोक आपल्याला ओळखतात, त्यांना मी आधी ही बारव सांगेन. पाणी कमी असलेल्या मुलखानं पाण्याचा मान कसा ठेवला, ते त्यांना त्यातून कळेल.

चारठाण्याची देवळं, नेमगिरीची लेणी, गोदावरीच्या पात्रातलं मुद्गलचं देऊळ, यांच्यावर बोलायला अभ्यासक आलेले आहेत. मी त्यांचा वेळ घेत नाही.

दुसरी गोष्ट कुणाच्या यादीत नसेल म्हणून मी जरा सावकाश सांगतो. ती म्हणजे करडईची सोंगणी. पौषात करडईला पिवळी फुलं येतात, वाळताना ती केशरी होतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, काय देखणं पीक आहे. पण बोंडाला आणि पानांच्या कडेला काटे. पीक वाळलं की ते काटे सुईगत टोचतात. म्हणून करडई दुपारी कापत नाहीत. बाया-गडी पहाटे अंधारात निघतात. दवानं काटा ओला असतो, मऊ पडलेला असतो, तेवढ्या वेळात काम करून घ्यायचं. हाताला फडकं गुंडाळायचं, पोटऱ्यांना जुनं धोतर नाहीतर पोतं बांधायचं, आणि विळा चालवायचा. ऊन वर आलं, दव उडालं, की माणसं आपणहून थांबतात. कापलेल्या पिकाच्या ढिगावर दगड ठेवतात, नाहीतर वाऱ्यानं बोंडं रानभर जातात. वाळलं की काठ्यांनी बडवून बी काढायचं. घाण्यावरून तेल आलं की त्या दिवशी घरात पिठलं वेगळंच लागतं.

या पिकाचा दुसरा लाड म्हणजे त्याची भाजी. पेरणीनंतर विरळणी करताना उपटलेली कोवळी रोपं टाकून देत नाहीत. लसूण, मिरची आणि ज्वारीच्या कण्या घालून त्यांची भाजी होते. ती चार दिवसांचीच चैन. पुढं रोपाला काटा धरला की संपली. आपल्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’ नावाचं करडईचं वाण दिलं, ते गावोगाव पसरलं. तरी सोयाबीन आलं, मजूर मिळेनात, काट्याला हात लावायला नवी पिढी तयार होईना, आणि करडईचं रान आक्रसत गेलं. मला याचं मनापासून दुःख आहे. म्हणून हे पीक शिवारात आहे तोवर कुणीतरी ते पूर्ण लिहून काढावं असं मला वाटतं. पहाटेच्या दवापासून घाण्यापर्यंत.

विद्यापीठाचं नाव निघालंच म्हणून सांगतो. 18 मे 1972 रोजी ते परभणीत उभं राहिलं. त्याच साली मोठा दुष्काळ होता. तेव्हापासून परभणीचं नाव बियाण्याच्या पिशव्यांवर छापून देशभर गेलं. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी घ्या. हळद्या रोगानं भेंडीचे प्लॉट पिवळे पडायचे, तेव्हा रानटी भेंडीशी संकर करून हे वाण काढलं. ज्यांनी परभणी कधी पाहिलं नाही अशा कितीतरी राज्यांतल्या शेतकऱ्यांनी ते लावलं. 2018 साली ‘परभणी शक्ती’ ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी आली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर विद्यापीठानं ती पुढं आणली. एखाद्या शहरानं स्वतःची ओळख म्हणून भाकरी आणि भेंडी जगापुढं ठेवावी, यात मला मोठा अभिमान वाटतो.

आणि गंगाखेड. तिथं जनाबाईंचा जन्म झाला. दळताना, कांडताना, शेण वेचताना देवाला सोबतीला बोलावणारी ही बाई आपल्या जिल्ह्याची. तिचे अभंग इंग्रजीत नेले तेही कोलटकरांनीच. पण मला आज वेगळ्या माणसाचं ऋण बोलून दाखवायचं आहे. गी पॉयतवाँ नावाचे फ्रान्समध्ये जन्मलेले गृहस्थ पुण्यात येऊन राहिले, इथलेच झाले. हेमा राईरकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतल्या बायांनी गायलेल्या लाखाच्या वर ओव्या त्यातून टिकल्या. 2017 पासून ‘पारी’ या संस्थेनं त्या ध्वनिमुद्रणांसह आणि इंग्रजी अनुवादांसह जगापुढं ठेवल्या आहेत. म्हणजे जिला कुणी कधी लेखक म्हटलं नाही ती जात्यावरची बाई आज परदेशी वाचकापर्यंत पोहोचली आहे, आणि तिच्या नावानिशी पोहोचली आहे. तसेच जर्मनीच्या हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर. धनगरांच्या वाड्यांवर जाऊन, खंडोबा-बिरोबाच्या जत्रांत हिंडून त्यांनी आपल्या गोपाळ-धनगरांच्या देवांवर ग्रंथ लिहिला. तो 1976 साली जर्मन भाषेत आला, आणि 1989 साली अ‍ॅन फेल्डहाउस यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. फेल्डहाउसबाईंनी आपल्या नद्यांवर, महानुभावांच्या ग्रंथांवर आयुष्य घालवलं.

या माणसांपुढं मी हात जोडतो. त्यांनी आपल्या अंगणात बसून, आपलं ऐकून घेऊन लिहिलं. त्याच वेळी मला आतून टोचत राहतं, की आपल्याच आयांच्या ओव्या वहीत उतरवायला आपण किती जण बसलो? आपल्या धनगरवाड्यावर आपण कधी रात्र काढली? पाहुण्यानं जेवढं केलं तेवढं तरी घरच्यांनी करावं.

घरच्यांनी केलं नाही असंही नाही. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, परभणीत कचेरीत नोकरी करत होते. राज्य निजामाचं, कारभार उर्दूतला, आणि ते मराठीत कथा-कविता-कादंबऱ्या लिहीत होते. 1953 साली, चाळिशीतच ते गेले. तोवर त्यांनी या भागातलं गाव, वाडा, कचेरी, पोटासाठी वाकलेली माणसं असं सगळं लिहून ठेवलं होतं. 1995 साली परभणीत नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, तेव्हा आमच्या गावातूनही माणसं गेली होती. इंद्रजित भालेरावांनी मित्राला गावाकडं बोलावणारी कविता लिहिली, ती आज महाराष्ट्रभर पोरांना पाठ आहे. आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे सगळं आपल्याच मातीतलं. यांतलं दुसऱ्या भाषांत किती गेलं? फार कमी. बी. रघुनाथांच्या कथा जर्मनीत, जपानात कुणी वाचाव्यात अशा तोलाच्या आहेत असं माझं ठाम मत आहे, आणि त्या जायच्या असतील तर अनुवादकाशेजारी बसून ती कचेरी, तो वाडा, ती बोली समजावून देणारा परभणीचा माणूस लागेल. इथं आलेल्या अनुवादक मंडळींना माझा शब्द आहे, झरीत आपल्याला राहायला घर आणि विचारायला माणसं कधीही मिळतील.

एक जागा राहिली. परभणीत फेब्रुवारीच्या सुरुवातीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. माझ्या लहानपणी वर्षातली एकमेव खरेदी म्हणजे उरसातली. आजही आमच्याकडून माणसं जातात, त्यात माळकरी असतात, मुसलमान असतात, दर्ग्यावर डोकं टेकवून पाळण्यात बसतात, खाऊ घेऊन रात्री परततात. अशा गर्दीला आपण इतके सरावलेले आहोत, की तिच्यात सांगण्यासारखं काही आहे हेच आपल्याला सुचत नाही. पण माणसामाणसांतल्या भिंती वाढत चाललेल्या या दिवसांत, दूरच्या वाचकानं ही गर्दी जरूर वाचावी. आणि आपल्या पोरांनीही वाचावी.

मित्रहो, लिहिताना दोन मोह होतात. एक, आपलं गाव स्वर्ग म्हणून रंगवायचा. दुसरा, बाहेरच्याला दया यावी म्हणून फक्त भेगाळलेली जमीन दाखवायचा. दोन्हींपासून लांब राहायला एकच उपाय मला सापडला आहे. ज्या गोष्टीवर आपलं खरोखर प्रेम आहे तीच निवडावी आणि तिचं काम कसं चालतं हे पूर्ण सांगावं. प्रेम खरं असेल तर माणूस काटाही सांगतो आणि तेलही सांगतो.

म्हणून स्वागत समितीनं एक व्यवस्था केली आहे. नोंदणीच्या टेबलाजवळ कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत. प्रत्येकानं आपल्या गावातली आवडीची एकच गोष्ट एका पानात लिहावी. लिहिता येत नसेल त्या मावशीशेजारी आमच्या शाळेतली मुलं बसतील, ती सांगेल तसं, तिच्या शब्दांत उतरवतील, शब्द सुधारायचे नाहीत अशी त्यांना ताकीद आहे. निवडक पानांचा इंग्रजी आणि जर्मन अनुवाद करायचं काम माझ्या भाचीनं आणि तिच्या मैत्रिणींनी आनंदानं घेतलं आहे. दुपारच्या परिसंवादात त्यातली काही पानं वाचली जातील.

जेवण एक वाजता मारुतीच्या देवळाशेजारच्या मांडवात आहे. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, दही आणि धपाटे असा बेत आहे. कुणी उपाशी, अर्धपोटी जायचं नाही. मुक्कामाला थांबणाऱ्यांची सोय गावातल्या घरांत केली आहे. आपल्या यजमानाचं नाव नोंदणीच्या टेबलावर विचारून घ्यावं आणि त्यांच्याच पंगतीला बसावं, म्हणजे बोलणंही होईल.

मी उद्घाटकांना विनंती करतो की त्यांनी ग्रंथपूजन करून संमेलनाचं उद्घाटन करावं.